कोॲक्स केबलवर छापलेले ५० ओहम असतात तरी कुठे?

गुंतावळा (धागाकर्ता) · शनिवार, सकाळी १०:१२

मंडळी, प्रयोगशाळेतलं जुनं सामान आवरताना एक खोकं हाती लागलं. आत काळ्या कोॲक्सची वेटोळी, दोन्ही टोकांना बीएनसी कनेक्टर, मूठभर 'टी' (इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे तीन-तोंडी जोड) आणि बाटलीच्या टोपणासारखे दोन टर्मिनेटर. दहा मेगाबिटचं इथरनेट एके काळी यावर चालायचं, हे ठाऊक होतं. शिकवताना मी तो भाग चार वाक्यांत उरकतो. मध्ये तांब्याची तार, भोवती प्लास्टिक, त्यावर जाळी, वरून आवरण. जाळीमुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही. पुढचा धडा काढा.

या वेळी एका विद्यार्थिनीने केबलवरचं छापील वाचून विचारलं, "सर, ५० ओहम म्हणजे किती लांबीला?" मी ऐटीत मल्टीमीटर आणला. गाभ्याची तार आणि जाळी यांच्यात लावला, तर मीटर म्हणे सर्किट उघडं. गाभ्याच्या या टोकापासून त्या टोकाला लावला, तर वीस मीटर केबलला एक ओहमसुद्धा नाही. कापून निम्मी केली तरी वर छापलेलं ५० तेच राहणार. मग हे ५० ओहम आहेत कुठे?

दोन पोटप्रश्न. एक, टोकाचा टर्मिनेटर काढला की सगळं नेटवर्क झोपायचं असं ऐकलंय. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन संगणकांचं दूरच्या टोकाशी काय देणं-घेणं? दोन, केबल मॉडेमला येणारी कोॲक्स ७५ ओहमची. ती वेगळी का?

व्याख्या नको, ती मलाही पाठ आहे.

उंटावरचा_शहाणा · शनिवार, १०:२०

मीटरचा सेल बदलून पाहिलात का? :)

जुनं_खोड · शनिवार, ११:०५

हात शिवशिवले हो. या केबलींपायी टेबलांखाली रांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

मीटर लावायचा तर असा लावा. दोन्ही टोकांना टर्मिनेटर चढवा, संगणक बंद ठेवा आणि मधल्या कुठल्याही टीवर गाभा ते जाळी मोजा. २५ ओहम दिसले की समजायचं केबल धडधाकट आहे, कारण दोन टोकांचे दोन ५० समांतर लागतात. ५० दिसले तर एक टर्मिनेटर गेलाय किंवा मधे कुठे तार तुटलीय. शून्याजवळ आलं तर जाळीचा एखादा केस गाभ्याला टेकलाय, आणि तो बहुतेक घाईत चढवलेल्या कनेक्टरमध्ये सापडतो.

पण हे ओहम टर्मिनेटरमधल्या रेझिस्टरचे. केबलचे कुठे असतात, हे मला नोकरीभर कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. वाचायला बसलोय.

तरंगिणी · शनिवार, दुपारी १:४०

मीटर खोटं बोलत नाही, फार उशिरा बोलतो. तो आकडा दाखवेपर्यंत केबलमधली सगळी घडामोड कधीच आटोपलेली असते. आपल्याला पाहायचाय तो पहिला क्षण.

आरजी-५८ घ्या, तुमच्या खोक्यातली बहुधा तीच असेल. तिच्या प्रत्येक मीटरमध्ये गाभा आणि जाळी मिळून साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर बनतो. आता एका टोकाला अचानक १ व्होल्ट जोडला. पलीकडे काय आहे, टर्मिनेटर आहे की तुटकी तार, हे त्या व्होल्टला अजून माहीत नाही. कळणार कसं? बातमी पोचायलाही वेळ लागतो. तो १ व्होल्ट केबल भरत पुढे सरकतो, सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर या वेगाने. म्हणजे दर सेकंदाला २० कोटी मीटर गुणिले १०० पिकोफॅरड एवढा कपॅसिटर १ व्होल्टपर्यंत भरायचा. गुणाकार केला की येतो ०.०२ कूलोम दर सेकंदाला, म्हणजेच २० मिलीअँपिअर.

१ व्होल्टला २० मिलीअँपिअर. भागाकार करा.

हेच तुमचे ५० ओहम. लांबी या हिशेबात कुठेच येत नाही, म्हणून केबल निम्मी कापली तरी आकडा तोच. तापून काही वाया जातंय असंही नाही. ती ऊर्जा केबल भरण्यात जाते, टोकाला पोचते आणि टर्मिनेटर असला तर त्यात उष्णता होऊन संपते. हा हिशेब लाट टोकाला जाऊन परत येईपर्यंतच टिकतो. तुमच्या वीस मीटरसाठी तो अवधी २०० नॅनोसेकंद. मीटरला एक आकडा दाखवायला समजा ०.३ सेकंद लागत असतील, तर त्याला खरे ५० दाखवायला तीस हजार किलोमीटर लांब, बिनरोधाची केबल लागेल.

कपॅसिटन्सच्या जोडीला इंडक्टन्स आहेच, दर मीटर लांबीला सुमारे २५० नॅनोहेन्री. त्याला कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढा, ५० येतात. दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाने १ ला भागा, २० कोटी मीटर येतात. एकाच जोडीतून इम्पिडन्सही (म्हणजे हेच ५० ओहम) निघतो आणि वेगही.

शंकासुर · शनिवार, २:१५

२० कोटी मीटर म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या दोनतृतीयांश. तांब्यातले इलेक्ट्रॉन एवढे धावतात?

तरंगिणी · शनिवार, २:३१

छे. इलेक्ट्रॉन जागच्या जागी चुळबुळ करतात. धावते ती गाभा आणि जाळी यांच्यामधल्या पांढऱ्या प्लास्टिकमधली लाट. म्हणून वेग ठरवतं प्लास्टिक, तांबं नव्हे. भरीव पॉलिएथिलीनचा डायइलेक्ट्रिक आकडा २.२५, त्याचं वर्गमूळ १.५, म्हणून वेग प्रकाशाच्या ६६ टक्के. तेच प्लास्टिक फेसाळ करून त्यात हवेचे बुडबुडे भरले की वेग ८० टक्क्यांच्या पुढे जातो.

शाळेपासून आपल्याला शिकवतात की वीज तारेतून वाहते. कोॲक्समध्ये हे चित्र डोक्यात असलं की पुढचं काहीच नीट बसत नाही. ही केबल म्हणजे एक लांबलचक नळकांडी पोकळी समजा, संदेश त्या पोकळीतून जातो. तांब्याचं काम आतून आणि बाहेरून भिंत होण्याचं.

भिंत म्हणतेय तेही शब्दशः घ्या. वारंवारता वाढली की करंट तांब्याच्या पोटात शिरतच नाही, पृष्ठभागावरच राहतो. १० मेगाहर्ट्झला तो सुमारे ०.०२ मिलिमीटर खोल जातो, १ गिगाहर्ट्झला त्याच्याही दहाव्या भागाइतका. केबल मॉडेमच्या आरजी-६ मध्ये गाभा पुष्कळदा पोलादाचा असतो आणि वर नुसता तांब्याचा मुलामा. लोक त्याला फसवणूक म्हणतात, पण लाटेच्या दृष्टीने ती तांब्याचीच तार.

आता जाळीकडे या, मला सगळ्यात आवडणारा भाग. संदेशाचा परतीचा करंट जाळीच्या आतल्या पृष्ठभागावरून येतो, कारण लाट आत आहे. बाहेरच्या गोंगाटाने उठलेला करंट जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर राहतो. धातू एकच, पण ज्या वारंवारतेला करंट खोल शिरत नाही तिथे तिची आतली बाजू आणि बाहेरची बाजू दोन वेगळ्या वाहिन्यांसारख्या वागतात. "जाळी गोंगाट अडवते" या वाक्यामागे हे आहे. जाळीला अर्थिंग दिलं नाही तरी हे घडतं. विणीत भोकं असली तर मात्र दोन्ही बाजूंची गाठ पडते, म्हणून चांगल्या केबलमध्ये विणीखाली ॲल्युमिनियमची फॉइल असते. फॉइल भोकं बुजवते, वीण कमी वारंवारतेला रोध कमी ठेवते.

जुनं_खोड · शनिवार, ४:५०

तरंगिणीताई, हे वाचून एक जुनं कोडं सुटलं. आम्हाला सक्त ताकीद असायची की जाळीला अर्थिंग द्यायचं तर एकाच ठिकाणी. दोन इमारतींत दोन ठिकाणी दिलं की त्यांच्या अर्थमधला फरक जाळीतून वाहायचा. तो मेनचा, अगदी कमी वारंवारतेचा, म्हणजे जाळीच्या आरपार शिरणारा. तिथे आत-बाहेर असा भेद उरत नाही. बरोबर ना?

तरंगिणी · शनिवार, ५:०२

अगदी बरोबर, काका.

गुंतावळा · शनिवार, रात्री ८:३०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोटात उतरतंय, अजून पचायचंय. पण टर्मिनेटर? लाट टोकाला पोचली, पुढे काही नाही, ती परत आली. आली तर आली. एवढ्याने सगळे संगणक का बसावेत?

शंकासुर · शनिवार, ९:१०

आणि ती परत का यावी, हेही जरा सांगा. हवेत उडून का जात नाही?

तरंगिणी · शनिवार, ९:५५

लाटेसोबत व्होल्टेज आणि करंट दोन्ही चालतात, आणि त्यांचं प्रमाण ५० ला बांधलेलं. टोक उघडं असेल तर तिथे करंट शून्यच असायला हवा, जायला जागाच नाही. आलेला करंट खोडून काढायला तेवढाच उलटा करंट घेऊन लाट मागे फिरते आणि टोकाला व्होल्टेज दुप्पट होतं. टोक शॉर्ट असेल तर व्होल्टेज शून्य असायला हवं, म्हणून लाट उलटी होऊन परतते. दोरीचं एक टोक भिंतीला घट्ट बांधून झटका द्या, उंचवटा उलटा होऊन येतो. तेच टोक मोकळं सोडलं तर सुलटा येतो. टोकाला बरोबर ५० ओहम असले की दोन्ही अटी आपोआप पाळल्या जातात आणि परत यायला कारणच उरत नाही. लाटेला वाटतं केबल पुढे चालूच आहे.

५० च्या केबलला चुकून ७५ चा टर्मिनेटर लावला तर? (७५ − ५०) भागिले (७५ + ५०), म्हणजे ०.२. व्होल्टेजचा पाचवा हिस्सा परत, शक्तीचा फक्त ४ टक्के. अशा चुकीवर नेटवर्क लंगडत चालतंही, आणि तीच पंचाईत. पूर्ण बंद पडलेलं लवकर सापडतं.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर १० मेगाबिटला एक बिट १०० नॅनोसेकंदांचा, म्हणजे केबलवर २० मीटर लांब. १८५ मीटरच्या केबलवर एका वेळी नऊएक बिट पसरलेले असतात. माझ्या शेजारच्याने मी पाठवलेला बिट ऐकला, तो ठीक. पण उघड्या टोकाहून परतलेला अठरा-एकोणीस बिट मागचा जुना बिट त्याच क्षणी त्याच्यावर येऊन आदळतो. त्याला दोन्ही एकदम ऐकू येतात.

जुनं_खोड · शनिवार, १०:४०

याशिवाय दुसरं कारण आहे आणि प्रत्यक्षात मान तेच मुरगळायचं. हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो.

या इथरनेटमध्ये सगळे एकाच तारेवर. बोलायच्या आधी ऐकायचं, तार मोकळी असेल तर बोलायचं, दोघे एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसून वेगवेगळा वेळ थांबायचं. पण दोघे एकदम बोलताहेत हे कळायचं कसं? युक्ती साधी होती. बोलणारं प्रत्येक कार्ड केबलमध्ये सरासरी ४१ मिलीअँपिअर ढकलायचं, ऋण दिशेने. बिटांची लिपी मँचेस्टर, तिच्यात प्रत्येक बिट निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली, म्हणून सरासरी कधी हलत नाही. कार्डाला दोन्ही बाजूंचे टर्मिनेटर मिळून २५ ओहम दिसायचे, म्हणून तारेवर सरासरी सुमारे १ व्होल्ट. दोघे बोलले तर २ व्होल्ट. मधे दीड व्होल्टच्या आसपास रेषा आखलेली. सरासरी तिच्यापलीकडे गेली की टक्कर झाली समजायचं.

आता एक टर्मिनेटर काढा. २५ चे झाले ५०. एकच जण बोलतोय, पण ४१ मिलीअँपिअर गुणिले ५० म्हणजे २ व्होल्ट. त्याचं स्वतःचंच कार्ड ओरडतं, टक्कर! तो थांबतो, पुन्हा बोलतो, पुन्हा टक्कर. सोळा वेळा प्रयत्न करून ती फ्रेम (पाठवायचा माहितीचा तुकडा) टाकून देतो. रिकाम्या सभागृहात एकटाच माणूस "तुम्ही आधी बोला" म्हणत उभा राहावा, तशी गत.

उंटावरचा_शहाणा · शनिवार, १०:४४

हे शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या बैठकीला लागू नाही. तिथे सगळे एकदम बोलतात आणि थांबत कुणीच नाही.

गुंतावळा · शनिवार, ११:१५

काका, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला दिसलं नव्हतं! टर्मिनेटर म्हणजे नुसता प्रतिध्वनी शोषणारा असं मी शिकवत आलोय. तो टक्कर ओळखण्याच्या गणितातला आकडाही आहे तर.

जुनं_खोड · रविवार, सकाळी ७:३०

उगाच भाव चढवू नका. पण चढलाच आहे तर थोडं आणखी सांगतो.

तुमच्या खोक्यातलं ते 'पातळ' इथरनेट, कागदोपत्री १०बेस२. त्याच्याआधी 'जाड' होतं, १०बेस५, ज्याचं मानक १९८३ मध्ये आलं. इथरनेटचा जन्म त्याच्या दहा वर्षं आधीचा, १९७३ चा, झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातला, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या हातून. तेव्हाही कोॲक्सच होती, वेग २.९४ मेगाबिट.

जाडी केबल बोटाएवढी, वाकवायला हट्टी, बहुधा पिवळी. ती कापायची नाही. तिच्यावर शिकंजा चढवायचा, भोक पाडायचं आणि एक सुई थेट गाभ्यापर्यंत रोवायची. लोक त्याला व्हँपायर टॅप म्हणायचे. केबलवर दर अडीच मीटरला खूण असायची आणि टॅप त्या खुणेवरच घ्यायचा. तेव्हा वाटायचं हा कुणाचा तरी कारकुनी नियम. कारण असं, की प्रत्येक टॅप थोडासा प्रतिध्वनी निर्माण करतो, आणि अंतरं भलतीसलती पडली तर बारीक प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून मोठे होतात. अडीच मीटरच्या खुणांमुळे ते सुरात येत नाहीत. केबल जोडून लांबवायची तर तुकडेही २३.४, ७०.२ किंवा ११७ मीटरचे घ्या, असं मानकात आहे. पाच मेगाहर्ट्झच्या अर्ध्या तरंगलांबीच्या विषम पटी. कारण तेच.

जाड केबल ५०० मीटर आणि १०० टॅप, पातळ १८५ मीटर आणि ३० संगणक. दोघींना १० मेगाहर्ट्झला परवानगी मात्र सिग्नलच्या सारख्याच घटीची, ८.५ डेसिबल. जाडी वाढवा, लांबी मिळवा, एवढाच सौदा. पातळ केबलमध्ये टी थेट कार्डाच्या पाठीवर बसवायची. टी आणि कार्ड यांच्यात हातभर शेपूट लावून संगणक सोयीच्या जागी ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. शेपूट म्हणजे टोक नसलेली फांदी. तिच्यातून लाट जाते नि परत येते.

आणि शोधायची रीत? बिघाड झाला की केबल मधोमध सोडवायची, तिथे टर्मिनेटर लावायचा, कुठला अर्धा चालतो ते बघायचं, मग उरलेल्याचा पुन्हा अर्धा. एका कचेरीत दर काही आठवड्यांनी ठरावीक वारी नेटवर्क पडायचं. शेवटी कळलं की झाडू मारताना टेबल सरकवलं जायचं आणि एक टी ओढली जायची.

ओसरी · रविवार, ९:२०

जुन्या आठवणी छान, पण माझा प्रश्न आजचा आहे. घरी केबल मॉडेम. भिंतीतून आलेली कोॲक्स एका तीन-तोंडी स्प्लिटरमध्ये जाते, तिथून एक मॉडेमला, एक टीव्हीला, एक तोंड रिकामं. डाउनलोड झकास, पण व्हिडिओ कॉलवर माझाच आवाज तुटतो. कंपनीचा माणूस म्हणतो सिग्नल मस्त आहे.

लाइनमन · रविवार, १०:०५

माझं पोट यावरच भरतं, म्हणून बोलतो.

मॉडेमच्या केबलवर 'एका वेळी एक जण' असं नसतं. वारंवारतेच्या पट्ट्या वाटून दिलेल्या असतात. बऱ्याच जाळ्यांत घरातून बाहेर जाणारं सगळं ५ ते ४२ मेगाहर्ट्झमध्ये, कुठे ६५ पर्यंत, नव्या व्यवस्थांत त्याहून वर. घरात येणारं त्याच्या वर, थेट हजार मेगाहर्ट्झपर्यंत. एका बाजूने बेस, दुसऱ्या बाजूने तारसप्तक, दोघांनी एकाच तारेवर एकाच वेळी गायचं. येणाऱ्या बाजूला ६ मेगाहर्ट्झच्या एका पट्टीत २५६-क्यूएएम (लाटेच्या २५६ वेगवेगळ्या अवस्थांतून बिट पाठवायची रीत) वापरलं की सुमारे ३८ मेगाबिट मिळतात. डॉक्सिस, म्हणजे केबल मॉडेमचं मानक, त्याच्या ३.० आवृत्तीने अशा पट्ट्या एकत्र बांधायची सोय केली, ३.१ ने पट्टीची कल्पनाच मोडून हजारो बारीक वाहक वापरायला सुरुवात केली.

तुमचं दुखणं खालच्या पट्टीत दिसतंय. रेडिओ, मोटारी, स्वस्त चार्जर, सगळ्यांचा कचरा याच कमी वारंवारतेत जास्त. सैल कनेक्टरमधून तो आत शिरतो. आणि जाणाऱ्या दिशेला एक वाईट गोष्ट घडते. येणारा सिग्नल एका ठिकाणाहून शंभर घरांत वाटला जातो, पण जाणारा शंभर घरांतून एका ठिकाणी जमा होतो. त्याबरोबर शंभर घरांचा कचराही जमा होतो. नरसाळंच म्हणा. शेजाऱ्याच्या एका सैल नटामुळे तुमचा आवाज तुटू शकतो.

आधी तीन गोष्टी करा. रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचं टोपण लावा. वरच्या चर्चेत टर्मिनेटर कशाला असतो ते आलंच आहे, शिवाय ते तोंड म्हणजे कचऱ्याला उघडा दरवाजा. मग स्प्लिटरवरचे आकडे वाचा. तीन-तोंडी स्प्लिटरमध्ये बहुधा एका तोंडावर ३.५ डेसिबल लिहिलेलं असतं आणि दोनांवर ७. मॉडेम ३.५ च्या तोंडावर हवा. ७ वर असेल तर मॉडेमला दुप्पटीहून जास्त जोर लावून ओरडावं लागतं आणि त्याच्या ओरडण्याला मर्यादा आहे. तिसरं, प्रत्येक कनेक्टर हाताने फिरवून पाहा. या एफ कनेक्टरमध्ये केबलचा गाभाच सुई म्हणून वापरतात, तो आखूड कापला गेला असेल तर कधी टेकतो, कधी नाही.

कंपनीच्या माणसाने येणारा सिग्नल पाहिला असणार. तो मस्तच असेल.

शंकासुर · रविवार, ११:३०

पण ७५ का? माझ्या वाचनात असं आलंय की ७७ ओहमला घट सगळ्यात कमी, ३० ओहमला शक्ती सगळ्यात जास्त वाहता येते, आणि ५० म्हणजे दोघांच्या मधला तोडगा. मग घरात सिग्नल आणायला ७५, ट्रान्समीटरला ५०. संपला विषय.

तरंगिणी · रविवार, १२:२०

विषय तिथे संपत नाही. ७७ आणि ३० हे आकडे मध्ये हवा असेल तरचे. घट कमीत कमी कधी होते, तर जाळीचा आतला व्यास गाभ्याच्या सुमारे ३.६ पट असतो तेव्हा. हे गुणोत्तर प्लास्टिक बदललं तरी बदलत नाही, पण इम्पिडन्स बदलतो. हवेत ७७ असलेली केबल भरीव पॉलिएथिलीनने भरली की ७७ भागिले १.५, म्हणजे ५१. भरीव प्लास्टिकच्या केबलमध्ये ५० ओहमवालीच कमी घटीची ठरते! एकाच तारेचा गाभा असलेल्या आरजी-५८ ची मापं घ्या: गाभा ०.८१ मिलिमीटर, प्लास्टिकचा व्यास २.९५. गुणोत्तर ३.६४, इम्पिडन्स ५२ च्या जवळ. अगदी त्या जागेवर.

तडजोडीची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण सगळा इतिहास तिच्यात बसवू नये. केबल टीव्हीच्या बाजूने ७५ रूढ झाले, मोजमापाच्या आणि रेडिओच्या बाजूने ५०, आणि एकदा उपकरणं तशी बनू लागली की मग केबल त्यांच्यामागे जाते.

शंकासुर · रविवार, १२:२६

ठीक. एक गुण तुम्हाला.

पाटीपेन्सिल · रविवार, दुपारी ३:०५

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. एवढी चांगली केबल, तर ऑफिसांतून गेली का? आता सगळीकडे पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या दिसतात.

जुनं_खोड · रविवार, ४:४०

केबल नापास झाली नाही, बैठकीची पद्धत नापास झाली. तीस जण एका माळेत, आणि माळेतला एक मणी निसटला की सगळे खाली. १९९० मध्ये १०बेस-टी आलं, प्रत्येक संगणकाला आपली वेगळी तार, सगळ्या मध्यभागी हबला. तार तुटली तर एकटा तुटायचा, आणि कोण तुटला ते हबवरच्या दिव्यावरून कळायचं. हबही आत एकच सामाईक माळ होता, वेग तोच दहा मेगाबिट. पण रांगणं संपलं. माझ्या गुडघ्यांनी त्या दिवशी कोॲक्सचा निरोप घेतला, मनाने नाही.

लाइनमन · रविवार, ५:१५

गेली म्हणता, पण डेटा सेंटरमध्ये रॅकच्या वरच्या स्विचपासून सर्व्हरपर्यंत ज्या आखूड काळ्या केबली असतात, त्या ट्विनॅक्स. एका आवरणात दोन गाभे, भोवती शिल्ड. दहा गिगाबिट काही मीटरपर्यंत, पंचवीस आणि शंभरसुद्धा. अंतर कमी, पण आत लेझर नको की काही नको, वीज जवळजवळ शून्य. आणि घरात जुनी टीव्हीची कोॲक्स भिंतीत असेल तर मोका नावाचं तंत्र वापरून तिच्यावर घरगुती नेटवर्क चालवता येतं, ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झच्या पट्टीत. त्याच केबलवर डिशचा सिग्नल येत असेल तर तो नाद सोडा, दोघांची पट्टी एकच.

ओसरी · रविवार, रात्री ९:५०

लाइनमनदादा, मॉडेम ७ च्या तोंडावर होता. बदलला, टोपण लावलं. आज दोन कॉल झाले, एकदाही "ऐकू येतंय का" विचारावं लागलं नाही. उद्या पुन्हा पाहते.

तरंगिणी · रविवार, १०:१०

गुंतावळा, तुमच्या विद्यार्थिनीला ५० ओहम हातात देता येतील. पल्स जनरेटर (ज्याच्या पोटातही ५० ओहम असतात असा), स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, आणि ती वीस मीटर केबल. जनरेटरच्या तोंडाशी टी, टीवर स्कोप, पुढे केबल. दुसऱ्या टोकाला २०० ओहमचा साधा कार्बनचा पॉट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर), तारेच्या गुंडाळीचा नको, त्याचं इंडक्टन्स नडेल. चौकोनी लहर द्या आणि पॉट फिरवत राहा.

गुंतावळा · बुधवार, सायंकाळी ६:२५

केलं! वर्गातच केलं.

टोक उघडं ठेवलं तेव्हा स्कोपवर पायरी दिसली. आधी निम्मं व्होल्टेज, बरोबर २०० नॅनोसेकंद तिथेच सपाट, मग पूर्ण. टोक शॉर्ट केलं तर निम्म्यावर चढून २०० नॅनोसेकंदांनी धपकन शून्य. म्हणजे पहिले २०० नॅनोसेकंद दोन्ही चित्रं हुबेहूब सारखी. "केबलला अजून माहीतच नाही," असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

मग पॉट लावला. त्या विद्यार्थिनीने हळूहळू फिरवला. दुसरी पायरी लहान होत होत नाहीशी झाली, निम्म्यावर सरळ रेष. तिने पॉट सोडवला, हात न हलवता मल्टीमीटरवर ठेवला. ५०.६. आधी ज्या मीटरने हात वर केले होते, त्याच मीटरवर.

आता नवी भानगड. त्याच खोक्यात जवळपास तशीच दिसणारी आणखी एक केबल निघाली, तीही वीस मीटर. तिच्यावर पहिली पायरी निम्म्याच्या बरीच वर येते, ६५ टक्क्यांच्या आसपास, आणि परतीला लागतात फक्त १६० नॅनोसेकंद. पॉट ९३ वर आल्यावर रेष सरळ झाली. छापील पुसलं गेलंय. ही कुठली?

जुनं_खोड · बुधवार, ६:५८

आरजी-६२! ९३ ओहम. आतमध्ये गाभ्याभोवती प्लास्टिकचा दोरा वेटोळा घातलेला असतो, बाकी सगळी हवा, म्हणून वेग ८४ टक्के आणि तुमचे १६० नॅनोसेकंद. आयबीएमचे ३२७० टर्मिनल तिच्यावर चालायचे, आणि आर्कनेट, अडीच मेगाबिटचं. नीट गुंडाळून ठेवा. आणि त्या पोरीला सांगा, ५० च्या टर्मिनेटरशी तिची गाठ घालून पाहा म्हणावं, पायरी कुठल्या बाजूला पडते ते आधी कागदावर काढून.